मिरीचं मागचं चाक

प्रिय भिंगऱ्या,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. लिहिलंय तर राहू दे, पण पुढं काही गोड वाचायला मिळेल या आशेवर राहू नकोस. चहा घ्यायचा असेल तर आधीच घे, नंतर तो तुला जाणार नाही.

तुझं पार्सल काल सकाळी पोचलं. टेम्पोवाल्यानं ते दुकानाच्या पायरीवर असं आदळलं की समोरच्या शिंपिणीनं खिडकी उघडून पाहिलं. तुझ्या जुन्या जड गाडीचं मागचं चाक, त्याला सुतळीनं बांधलेलं मोटारीचं कोरं करकरीत टायर आणि दोन्हींच्या मध्ये खोचलेली चार ओळींची चिठ्ठी. ताई, गाडी आता मिरीला दिली आहे, तिला घाटापलीकडे नोकरी लागली आहे, एक तारखेला निघायचंय, तर हे रन-फ्लॅट बसवून दे, तुझ्याइतकं नेटकं कुणी बसवत नाही. आणि शेवटची ओळ अशी, की वाटेत काहीही झालं तरी पोरीला थांबावं लागू नये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षांपूर्वी तू नव्या गाडीला असलंच टायर बसवून घ्यायला आला होतास आणि मी तुला चाकासकट बाहेर काढलं होतं. मग तू तुझ्या त्या पेट्रोलपंपावरच्या मित्राला गाठलंस. टायरची कड रिमवर बसेना, म्हणून त्या पठ्ठ्यानं हवा ठासली, अजून ठासली, काटा कुठल्या कुठं गेला, आणि टायर धाडकन जाग्यावर बसलं तेव्हा तुम्ही दोघं टाळ्या वाजवत होतात. तो व्हिडिओ तू मला कौतुकानं पाठवलास. मी तो पाहिला आणि फोन पालथा घातला. टायरच्या कडेत असते ती पोलादी तार त्या वेळी तुटली असती तर टाळ्या वाजवायला हात उरले नसते. मोटारीच्या टायरची कड मोटारीच्या रिमसाठी घडवलेली असते. आकडा दोन्हींवर एकच छापलेला असला तरी बसण्याची जागा निराळी असते, हे बाबांनी तुला आणि मला एकाच दिवशी, एकाच स्टुलावर बसून शिकवलं होतं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

परत सांगते. तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण हे पत्र मिरीही वाचेल. रन-फ्लॅट म्हणजे काय, तर बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि ताठ केलेलं टायर की आतली हवा गेली तरी मोटार त्यावर उभी राहते आणि हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत जाते. मोटारीसाठी उत्तम. मी स्वतः शेकड्यांनी बसवलीत. पण मोटार वळताना कलत नाही रे! चार पायांवर ताठ उभी राहून वळते, म्हणून तिचं टायर खाली पाटासारखं सपाट असतं. मोटारसायकल कलूनच वळते, म्हणून तिचं टायर गोल असतं. सपाट टायरवर गाडी कलवलीस की ती अर्ध्या कडेवर उभी राहते. घाटात वळणं किती आहेत, मोजलीस का कधी? मिरीनं मोजलीत. परवा फोनवर सांगत होती, चौऱ्याऐंशी. पोरगी जाण्याआधी वळणं मोजते आणि बाप तिला न वळणारं टायर बांधून देतो.

तू म्हणशील, ताई, अठ्ठावीस हजार किलोमीटर झाले, मला काय झालं? काही झालं नाही, कबूल. तुझ्यासारखे आणखीही असतील, त्यांनाही काही झालं नसेल. पण काही झालं नाही म्हणजे बरोबर केलं असं होत नाही. कारखान्यातल्या ज्यांनी ते टायर बनवलं त्यांनी ते कललेल्या गाडीखाली तपासलेलं नाही. तपासतोयस तू, रोज, फुकटात. स्वतःच्या जिवावर तपास, मी हात जोडले. पण आता पोरीला मागे ओढतोस? आणि एक सांग, पुढच्या चाकाचं काय? ते तर साधंच आहे ना? खिळा काय विचारून शिरतो, की बाबा रे, तुझं रन-फ्लॅट कुठल्या बाजूला?

उगाच ऐकीव बोलत नाही. गेल्या खेपेला तू जेवून झोपलास तेव्हा तुझी गाडी मी काढली होती. तुला सांगितलं नाही, कारण तू मला न विचारता माझे पाने नेतोस, तेव्हा फिटंफाट. गल्लीतून बाहेर पडून पाण्याच्या टाकीला वळसा घालून आले. सरळ रस्त्यावर गाडी खरंच ऐटीत चालते, खोटं का बोलू! टाकीच्या वळणावर मात्र कलेना. हँडल ढकललं, तरी कलेना. जरा जोर लावला तर एकदम कलंडली, माझा पाय खाली टेकला आणि चप्पल गेली. तुला त्या ढकलण्याची सवय झालीय. सवय झाली की माणसाला वाकडंही सरळ वाटायला लागतं. मी हे तुलाच बोलतेय असं समजू नकोस, पुढं येईल ते.

आणि सगळ्यांत मला चीड कशाची असेल, तर ती वेगळीच आहे. साध्या टायरची हवा गेली की गाडी तुला सांगते. डगमगते, जड होते, ओरडून सांगते की उतर. रन-फ्लॅटची हवा गेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणून मोटारीत समोर दिवा लागतो. तुझ्या गाडीला कुठला आलाय दिवा? म्हणजे आत सगळं रिकामं झालेलं असणार आणि तू वरती गाणी म्हणत जाणार. असलं न सांगणारं टायर मी माझ्या भाचीच्या खाली घालू?

तुला बाबांचा नियम आठवतो का? टायर रिमवर चढवण्याआधी आतल्या अंगाला पिवळ्या मेणखडूनं बसवणाऱ्यानं आपली खूण करायची आणि खाली तारीख-वेळ टाकायची. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही. उद्या काही झालं, टायर उतरवलं, तर आत लिहिलेलं असतं की हे कुणाचं काम. बाबांची खूण गोल आणि त्यात टिंब, माझी नुसती उभी रेघ. तू दोन महिने दुकानात होतास तेव्हा तुझी खूण भिंगरी काढायचास, इतकी नक्षीदार की बाबा म्हणायचे, हा टायर बसवतोय की लग्नपत्रिका छापतोय! दुसऱ्या कुठल्याच दुकानात ही पद्धत मी पाहिली नाही. लोक हसतात. पण बाबांचं म्हणणं एकच, आपण चूक करणार हे नक्की, निदान चुकीवर आपलं नाव तरी असावं. तर आता मला सांग, तुझ्या या रन-फ्लॅटच्या आत मी माझी उभी रेघ ओढायची, कितीची वेळ टाकायची आणि मिरी घाटात जायची? मी खडू हातात घेतला होता रे. चिठ्ठी चीड आणणारी होती तरी तू लहान आहेस, हट्टी आहेस, कधी नव्हे ते तुझ्या ताईकडे काही मागितलंस, म्हणून मी चाक पुसायला घेतलं.

आणि पुसताना ती जागा लागली. रिमच्या कडेला, हवा भरायच्या तोंडापासून चार बोटांवर, घासल्याच्या खुणा. त्या मीच कानशीनं गुळगुळीत केल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी. बाबा गेले त्या दिवशी तू ज्या गाडीवर आलास ती हीच गाडी, हे चाक तेच. एवढा वेळ मी त्याला नुसतं एक चाक समजत होते. हवा गेलेल्या टायरवर चार किलोमीटर तू तसाच रेटत गेलास, बाबांनी जेमतेम तीन आठवडे आधी बसवलेलं टायर आणि रिम दोन्ही दगडांवर घासत, कारण मी फोनवर सांगितलं होतं की बाबांना बरं नाही, ये.

शेजारचे चावीवाले काका तेव्हा आत आले होते. त्यांनी चाक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, आता तरी लिही. एवढंच. हा माणूस दर वर्षी एकदा मला हे सांगतो आणि दर वर्षी मी त्यांना कामाला लागा म्हणते. काल मला ते म्हणता आलं नाही. तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ समोर होती ना. पोरीला थांबावं लागू नये. ती ओळ तू मिरीसाठी लिहिली नाहीस. तू ती त्या रस्त्यावर, त्या उन्हात, शेवटी थांबून, काळ्या झालेल्या हातांनी टायर उचकटायची टॉमी धरून बसलेल्या स्वतःसाठी लिहिलीस. अकरा वर्षं तू थांबत नाहीस. तुझी बायको सांगते, सहलीला गेलं तरी पोरांना लघवीला थांबू देत नाही. पायाला भिंगरी तुला जन्मापासून होती, पण हे निराळं आहे. आधी तू फिरायचास, आता पळतोस. बॅगेत दोन पंप, तीन ट्यूबा, आणि शेवटी हे टायर. सगळे तुझ्या तयारीचं कौतुक करतात. मीही हसून मान हलवते आणि घरी येऊन जेवत नाही.

त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे ते मी सांगितलं तेवढंच आहे. जे मी सांगितलं नाही ते असं. सकाळी सव्वादहाला बाबा स्टुलावर बसून एका ट्यूबचं ठिगळ घासत होते. कानस खाली ठेवली आणि मला म्हणाले, कॉम्प्रेसर बंद कर, डोक्यात बसतोय. मी बंद केला. वळून पाहिलं तर ते भिंतीला टेकले होते. चावीवाले काका आणि मी त्यांना रिक्षातून नेलं. पुढं ते एकदाही शुद्धीवर आले नाहीत. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, माझंही नाही, आईचंसुद्धा नाही. त्यांचा शेवटचा शब्द कॉम्प्रेसरबद्दलचा. आणि मी तुला काय सांगितलं? सारखे विचारत होते, भिंगऱ्या कुठवर आला, भिंगऱ्या कुठवर आला. तू विचारलंस, माझी आठवण काढली का, आणि मला वाटलं, हो म्हटलं तर या पोराला बरं वाटेल. बरं वाटेल! मला तेव्हा कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

तू संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दारात उभा राहिलास आणि विचारलंस, कधी? माझ्या तोंडून निघालं, साडेपाचला. का निघालं, सांगते, सफाई म्हणून नाही, जसं घडलं तसं. फोनवर मी जिवंत माणसासाठी बोलावलं होतं, दारात एकदम खरी वेळ सांगितली असती तर मी फोनवर खोटं बोलले हे उघडं पडलं असतं. म्हणून थोडीशीच आधीची वेळ सांगितली, म्हणजे दोन्ही जुळेल. मग तू हात पुढे केलेस. कोपरापर्यंत काळे. टायरवाल्याची मुलगी मी, ते हात मी न सांगता ओळखायला हवे होते. तू म्हणालास, ताई, पंक्चर झालं, नाहीतर पाचला पोचलो असतो. आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या तू हिशोब केलास. पाच ते साडेपाच. अर्धा तास. मी तुझ्या चेहऱ्यावर तो अर्धा तास उमटताना पाहिला रे. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मूग गिळून बसले. वाटलं, आज नको, उद्या सांगू. उद्या माणसं होती. मग तेरा दिवस झाले, मग तू परत गेलास, मग दिवाळखोर माणसासारखी मी रोज एक दिवस पुढं ढकलत गेले. कागदपत्रं सगळी मीच केली, तू कधी मागितली नाहीस, मी कधी दाखवली नाहीत. काकांना मी डोळ्यांनीच गप्प केलं. आणि तू मात्र प्रत्येक फोनवर, प्रत्येक भेटीत, केव्हा ना केव्हा म्हणायचास, तो एक खिळा नसता तर. मी म्हणायची, जाऊ दे रे. जाऊ दे म्हणण्याचा मला काय हक्क होता?

तेव्हा हे सगळं पत्र मी तुझ्यावर तडतडत लिहिलं, त्यातली निम्मी तडतड माझ्यावरची आहे हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. टायरबद्दल जे लिहिलं ते मात्र शब्दन् शब्द खरं आहे, त्यात सवलत नाही. मोटारीचं टायर मी ठेवून घेतलंय. दुकानापुढं आडवं टाकलंय, त्यावर चावीवाले काका बसतात. हवेशिवाय वजन पेलतं म्हणतात ते खोटं नाही. मिरीच्या चाकाला मी मोटारसायकलचं नवं, गोल टायर बसवलंय. सोबत पंक्चर काढायचं साहित्य आहे. तिला ते तू शिकव, घाईघाईनं नको, अंगणात बसून, दोनदा करून घे. तिला वाटेत थांबावं लागलं तर थांबू दे. थांबलेलं माणूस मरत नाही, आणि त्याच्या थांबण्यानं दुसरंही कुणी मरत नाही.

चाकाच्या आत पिवळ्या खडूनं माझी उभी रेघ आहे, आजची तारीख आणि वेळ, सकाळचे नऊ पस्तीस. तुला ती दिसणार नाही, पण आहे. तिथं लिहिता आलं म्हणून इथंही लिहिते, कारण या कामावर अकरा वर्षं कुणाचंच नाव नव्हतं आणि तू ते आपलं समजून वागवत आलास. बाबा गेले ते दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. मी तुला फोन केला तो पाऊण वाजता. तू गाडीला किल्ली लावलीस तेव्हा ते जाऊन तास होत आला होता. खिळा लागला नसता तरी, तू उडत आला असतास तरी, तुला ते भेटले नसते. तो अर्धा तास कधी नव्हताच, भिंगऱ्या. तो मी बसवला. माझ्यावर चिड, ओरड, वर्षभर बोलू नकोस, सगळं मला कबूल आहे. फक्त ते तुझ्या नावावरून काढ आणि इथं खाली आहे त्या नावावर टाक.

तुझीच,
ताई